ते चित्र भिंतीवर लावू नका

‘घरात मारहाण होत असेल तर आई-मुलांच्या हाती रंग द्या’ असा मेसेज फिरतोय. काल वहिनीनेही तो पाठवला, वर ‘खूप उपयोगी’ असा शेरा मारून. त्यातले दावे असे: काळा रंग आणि हात नसलेली माणसं ही अत्याचाराची खूण. घडलं ते जसंच्या तसं काढायला लावलं की राग कागदावर उतरून संपतो. चित्र घरात समोर लावा, मारणाऱ्याला लाज वाटेल. आणि चित्रकला येत असेल तरच उपयोग.

भिंतीपासूनच सुरुवात करते. बाकीचं चुकीचं आहे, हे जिवावरचं आहे. मारणाऱ्याला त्या चित्रात स्वतःची लाज दिसत नाही, आपली चहाडी दिसते. बाई घर सोडायच्या बेतात असेल तर तो काळ आधीच सर्वांत जोखमीचा असतो, त्यात हा कागद. म्हणून पेन्सिल उचलण्याआधी ठरवायचं की कागद राहणार कुठे. मारणारा त्याच घरात असेल तर चित्र घरी न्यायचं नाही. समुपदेशकाकडे किंवा भरवशाच्या माणसाकडे, बंद पाकिटात, नावाऐवजी एखादी खूण घालून ठेवायचं. तशी सोय नसेल तर फाडून टाकणंही चालतं, फक्त ते काढणाऱ्याने ठरवायचं. फोटो तर नकोच. सामायिक खात्यावर तो आपोआप चढतो आणि दुसऱ्या मोबाइलवर दिसतो, डिलीट केला तरी काही दिवस कचरापेटीत पडून असतो. ग्रुपवर टाकलेल्या चित्रात कोपऱ्यातली सही किंवा भावंडाचं नाव ओळख पटायला पुरतं.

लोकांसमोर मांडायचंच असेल तर त्याची रीत आहे. अमेरिकेत मॅसेच्युसेट्समधल्या हायॅनिसला १९९० मध्ये बायकांनी रंगवलेले ३१ टी-शर्ट दोरीवर धुणं वाळत घालावं तसे टांगले गेले. पांढरा शर्ट हिंसेत जीव गेलेल्यांसाठी, पिवळा मारहाण सोसलेल्यांसाठी. पण ते गावासमोर आणि एकत्र टांगलेले होते, मारणाऱ्याच्या दिवाणखान्यात एकटीचा शर्ट नव्हता.

आता रंग आणि हात. लोरेन आणि जीन चॅपमन या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये विद्यार्थ्यांना माणसांची चित्रं दाखवली. प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याची लक्षणं लिहिलेली होती, पण जोड्या मुद्दाम वाटेल तशा लावलेल्या. तरी विद्यार्थ्यांना त्यात ‘मोठे डोळे म्हणजे संशयी’ असे नियम सापडले, आणि अनुभवी मानसतज्ज्ञ सांगायचे तेच नेमके सापडले. मेसेजमधली यादी याच जातीची: मनाला पटते, म्हणून दिसते. तीन-चार वर्षांची मुलं मुळात डोक्यालाच पाय फुटलेली माणसं काढतात, त्यांना हात बरेचदा नसतातच. काळा खडू ठळक उमटतो, म्हणून तो आवडतो.

एक मान्य करावं लागेल: चित्र काढता काढता मुलं जास्त बोलतात. पण ‘याबद्दल सांग ना’ असं विचारलं तर. ‘हे बाबा का? त्यांनी मारलं का?’ असं विचाराल तर न घडलेलंही मनात पक्कं बसतं, आणि मग खरं सांगणाऱ्या मुलावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

राग कागदावर ‘संपत’ नाही. पेनेबेकर आणि बील या मानसशास्त्रज्ञांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज १५ मिनिटं मनावरच्या आघाताबद्दल लिहिलं. लगेच त्यांना जास्त वाईट वाटलं. दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या त्या पुढच्या काही महिन्यांत. शिवाय ते लेखन होतं, आणि लिहिणारे कॉलेजचे विद्यार्थी होते, आज रात्री मार बसेल या भीतीत जगणारे नव्हेत. त्यामुळे प्रसंग जसाच्या तसा काढायला लावू नका. पातळ रंग पसरतात, हाताबाहेर जातात. घाबरलेल्या माणसाला ते सुरुवातीला नकोत. आधी पेन्सिल, खडू, मासिकांतली कात्रणं. ए-४ एवढाच कागद, त्यावर आधीच आखलेली चौकट. चित्राला बसायला ४५ मिनिटं असतील तर शेवटची १० आवराआवरीला. नजर एका जागी खिळली, श्वास भरभर चालला किंवा एकच जागा कागद फाटेपर्यंत घोटली जाऊ लागली, तर थांबायचं: पाय जमिनीला टेकवून खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगायची. चित्राबद्दल त्या वेळी एक अक्षर नाही.

राहिली चित्रकला यायची अट. कात्रणं चिकटवायला ती लागत नाही. कात्रीही देऊ नका, मासिकांतली चित्रं आधीच फाडून ठेवा.