गोठ्यात लाइट न्यायचीय? मग वायरीत पैसे घालू नका

घर बांधलं, वास्तुशांतीला अख्खं गाव जेवलं, हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून देवणी गाय आणली. आता घरापासून २०० फुटांवरच्या गोठ्यात लाइट न्यायचीय. काटकसर कुठून तरी सुरू करायलाच हवी, ती इथूनच करा.

२ एचपीच्या कडबा कुट्टीला दुकानदार ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर सांगेल. त्याचं दुकान आहे, तो सांगणारच. तुम्ही लग्नाच्या लायटिंगमधून उरलेली १ चौरस मिलिमीटरची ओढा. चालू मोटर दहाएक अँपिअर घेते, तेव्हा जाऊन-येऊन ४०० फुटांत वीसेक व्होल्ट वाटेतच जिरतात. सुरू होताना ती पाचपट मागते, मग तिच्यापर्यंत जेमतेम १७० पोचतात. तेही घरात २३० असले तर. शिवारातले पंप चालू असताना २३० कुठले? मोटर नुसती हुं करत बसली, तर चाक हातानं फिरवून द्या. पाती त्याच चाकाला असतात, तेवढं विसरू नका.

आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल, अडीच फूट चर, वाळू, वर विटा, असं कुणी सांगितलं तर पाणी पाजून वाटेला लावा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, मृगात फुगते. साधी वायर पुरली तर ताणून तुटते. म्हणून वरूनच न्या. बाभळीला एक वेढा, कडुलिंबाला एक, पुढे कपडे वाळत घालायच्या तारेचा आधार. जोड आला तर पिळा, चिकटपट्टी लावा, वर कॅरीबॅग. (त्या तारेवर ओले कपडे टाकणारी बहुतेक घरातली बाईच असते. खर्चाच्या हिशेबात ती कुणी धरत नाही.)

दुसरी वायर वाचवायची असेल, तर नुसता फेज न्या आणि दुसरं टोक लोखंडी खुंटीला बांधून खुंटी जमिनीत ठोका. झाली न्यूट्रल! बल्ब लागतो, खोटं नाही. माती सुकली की मिणमिणतो. मग त्या खुंटीपाशी पाणी ओतायला कुणी तरी अनवाणी जातं. आणि खुंटीची वायर मधेच तुटली, तर लोंबणारं टोक पूर्ण २३० व्होल्टचं.

अर्थिंगचा विषय शिकलेला भाचा काढेल. कोळसा-मीठ घालून खड्डा करा, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जरा गळला की लाइट तोडणारा खटका) बसवा म्हणेल. त्याला सांगा, “१६ अँपिअरचा एमसीबी आहे की!” मे महिन्यातल्या कोरड्या मातीत एका खुंटीच्या अर्थिंगचा रोध २० ओहम सहज भरतो. पत्र्याची धार वायरीत रुतून पत्र्यात करंट उतरला, तर २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर. १६ चा एमसीबी ढिम्म हलत नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही. पत्रे, लोखंडी दावण, साखळी, साखळीला गाय, सगळ्यांत करंट. त्यात गाईचे पुढचे-मागचे पाय चांगले अंतरावर, त्यामुळे जमिनीत पसरलेला करंटही आपल्याआधी तिलाच लागतो.

तरी भाच्यानं हट्टानं आरसीसीबी बसवलाच, तर पहिल्या पावसात त्याचा खटका पुन्हा पुन्हा पडेल. कुठं तरी करंट गळतोय, एवढंच तो सांगत असतो. पण वायरमन म्हणेल, “पीस खराब निघाला, मालक. डायरेक्ट करून देतो, काई होत नाई.” द्या करून. गावोगाव असेच खराब निघालेत.

काम झालं की नारळ फोडा आणि बटण दाबायचा पहिला मान त्या वायरमनलाच द्या. नारळाच्या पाण्यानं जमीन ओली झालेलीच आहे. तो पायातली चप्पल काढतो का, तेवढं बघा.