कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी कळत नाही

"बीपीचं मशीन काढून टाका, ग्लुकोमीटरही नको. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवा, अर्ध्या मिनिटात बीपी, शुगर, ऑक्सिजन सगळं कळेल." इंदूरला रामबागेतल्या आमच्या भिशीच्या ग्रुपवर हा मेसेज या महिन्यात तिसऱ्यांदा आला. तब्येतीच्या नोंदी ठेवायची अ‍ॅप्स बनवणं हेच माझं काम, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी बीपी. बोटावर फ्लॅशचा उजेड पडतो, दर ठोक्याला बोटातलं रक्त कमी-जास्त होतं आणि कॅमेऱ्याला तो फरक दिसतो. त्यावरून नाडीचे ठोके मोजता येतात, बोट स्थिर असेल तर बरोबरही येतात. इथवर मेसेज खरा. पण दाब मोजायचा तर दंडाला पट्टा आवळून, मग सैल सोडत मोजावा लागतो. नुसत्या उजेडाला तो दिसत नाही.

ते अ‍ॅप मी आईवर लावून पाहिलं. बोट ठेवण्याआधीच त्याने वय, उंची, वजन विचारलं. वय 71 भरलं, 138/84 आलं. बोट तेच, आई तीच, वय 30 केलं, तर 117/76! पाच मिनिटं शांत बसवून पट्ट्याने मोजलं, तेव्हा 162/94. म्हणजे अ‍ॅप आईचं बीपी सांगतच नव्हतं, वयावरून अंदाज ठोकत होतं. आणि तिची गोळी त्या अंदाजावर ठरली असती.

"पण माझं तर मशीनशी जुळलं," असं ग्रुपवर दोघी म्हणाल्या. जुळणारच. ज्यांचं बीपी मुळात ठीक आहे, त्यांच्याशी अंदाज जुळतोच; चुकतो तो नेमका आजारी माणसाच्या बाबतीत. अमेरिकेत 'इन्स्टंट ब्लड प्रेशर' नावाचं अ‍ॅप खूप विकलं गेलं होतं. तिथल्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ते तपासलं आणि 2016 मध्ये निष्कर्ष छापले: ज्यांचं बीपी वाढलेलं होतं, त्यांतल्या 77.5 टक्के लोकांना अ‍ॅपने वाढलेलं नाही असं दाखवलं.

शुगरबद्दल फार लिहायला नको. सुई न टोचता शुगर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) फेब्रुवारी 2024 मध्येच दिला आहे. फोनचा दावाही तसाच, सुई न टोचता शुगर सांगायचा. राहिला ऑक्सिजन. तो मोजणाऱ्या ऑक्सिमीटरमध्ये लाल आणि इन्फ्रारेड असे दोन वेगळे प्रकाश असतात; फोनचा फ्लॅश साधा पांढरा.

"रोज मोजायची कटकट संपते," हा मेसेजमधला शेवटचा दावा. मोजायला दोन मिनिटं लागतात. कटकट असते ती लिहून ठेवायची, आणि तिथे मात्र फोन खरंच कामाचा आहे. आईसाठी केलेल्या अ‍ॅपमध्ये एकच पान आहे: वरचं, खालचं, वेळ. आकडे मोठे, देवनागरीत. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायला सांगतं. "आत्ता चहा झाला का?" विचारतं, आणि हो म्हटलं की अर्ध्या तासाने पुन्हा आठवण करतं. एखादा आकडा वाढला म्हणून पान लाल करायचं नाही, हे मी मुद्दाम ठरवलं, कारण घाबरून ती पुन्हा पुन्हा पट्टा बांधायची. आठवड्याची सरासरी 135/85 च्या वर गेली, की डॉक्टरांना दाखवायचा कागद तयार होतो.

मागच्या खेपेला डॉक्टरांनी तोच कागद पाहून सकाळची गोळी रात्री घ्यायला सांगितली.