नकाशावर धूसर दिसलं म्हणजे लष्करी गुपित? दाबोळीच्या फॉरवर्डला उत्तर

गोव्यातल्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय: 'सरकारने दाबोळीचा नौदल तळ गुगलवरून पुसायला लावलाय. नकाशात जिथे धूसर, तिथे लष्करी गुपित. बाकी सगळं उपग्रहावरून लाइव्ह दिसतं.'

तळ पुसलेला नाही. सॅटेलाइटचा थर लावून दाबोळीवर या: आयएनएस हंसा या नौदल तळाची धावपट्टी, उभी विमानं, नौदलाच्या लढाऊ विमानांच्या चाचण्यांसाठी बांधलेली स्की-जंप (टोकाला वर उचललेली धावपट्टी), सगळं दिसतं. अवकाशातून चित्र टिपायला खालच्या देशाची परवानगी लागत नाही; उपग्रहचित्रांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 1986 च्या तत्त्वांतही तशी अट नाही. कलाम राष्ट्रपती असताना 2005 साली त्यांनी गुगल अर्थबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली होती. सरकार विनंती करू शकतं, दबावही आणू शकतं. पण आपल्याकडचा खरा चाप नकाशावरच्या माहितीवर आहे. केंद्र सरकारच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आडव्या अंतरात 1 मीटर आणि उंचीत 3 मीटर यांपेक्षा अचूक नकाशे भारतीय संस्थांनीच बनवायचे आणि संवेदनशील जागांची ओळख त्यावर द्यायची नाही. म्हणजे चित्रात शेड दिसेल, तिच्यावर 'दारूगोळा' अशी पाटी दिसणार नाही.

'लाइव्ह' तर मुळीच नाही. गुगल अर्थ प्रोमध्ये खालच्या पट्टीत चित्राची तारीख असते; ती कित्येकदा वर्ष-दोन वर्षं जुनी निघते.

आता धूसरपणा. गोव्यावर जून ते सप्टेंबर ढग असतात. त्यामुळे स्वच्छ दिवसांची चित्रं निवडून, वेगवेगळ्या तारखांचे तुकडे जोडून नकाशा बनतो. एखाद्या तुकड्याचं बारीक चित्र नसेल, तर जाडं, म्हणजे कमी तपशिलाचं चित्रच ताणून दाखवलं जातं. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाच्या चित्रातला एक पिक्सेल (ठिपका) 10 मीटरचा असतो, म्हणजे 45 मीटर रुंद धावपट्टी जेमतेम साडेचार पिक्सेलांत बसते. किनाऱ्यापासून दूर समुद्रावर तर बहुतेक वेळा फोटो नसतोच. निळा रंग भरलेला असतो. त्याखाली पाणबुडी शोधणाऱ्यांना शुभेच्छा.

फरक ओळखायचा तो कडेवरून. जोडकामातला धूसर पट्टा सरळ रेषेत मैलोन्‌मैल जातो आणि शेत, वाडा, चर्च सगळ्यांना सारखाच झाकतो. मुद्दाम झाकलेली जागा चारी बाजूंनी स्वच्छ चित्रात एकटीच असते आणि तिची कड कुंपणाला धरून चालते. नेदरलँड्सने आपले तळ आणि राजवाडे असेच रंगीत ठोकळ्यांनी झाकले होते. संशय असेल तर गुगल अर्थ प्रोमधल्या घड्याळाच्या चिन्हावरून जुनी चित्रं काढा, मग मायक्रोसॉफ्टच्या बिंग नकाशावर आणि इस्रोच्या 'भुवन'वर तीच जागा बघा. जाड्या चित्रात मात्र बारीक वस्तू दिसल्या नाहीत, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आणि झाकण्याने लपतं, हेही गृहीत धरू नका. यांडेक्स या रशियन कंपनीने आपल्या नकाशावर इस्रायल आणि तुर्कस्तानातल्या लष्करी जागा धूसर केल्या. 2018 मध्ये अमेरिकी अभ्यासकांनी नेमके तेच डाग मोजत 300 हून अधिक इमारती, धावपट्ट्या आणि तळांची यादी तयार केली.