पेशंट सोडून सगळ्यांना विचारा

अभिनंदन, नव्या सिस्टर! जनरल वॉर्डची ऑर्डर हातात पडली म्हणजे तुमचं खरं शिक्षण आता सुरू झालं. रुग्णाची स्वायत्तता, गोपनीयता, न्याय वगैरे पाठ करून पास झालात, छान झालं. ती वही माळ्यावर टाका. इथे एकच तत्त्व पाळलंत तर रिटायर होईपर्यंत मेमो मिळणार नाही: पेशंट सोडून सगळ्यांना विचारायचं.

संमतीपत्रापासून सुरुवात करा. सह्यांच्या जागी आधीच पेन्सिलीने फुल्या मारून ठेवा. मजकूर वाचायला देऊ नका. माणूस वाचायला लागला की प्रश्न विचारतो. आजी म्हणाल्या, “बाळ, चष्मा घरी राहिलाय, काय लिहिलंय सांगतेस का?” तर “नेहमीचंच असतं आजी,” म्हणून कागद जावयाच्या हातात द्या. पोट आजींचं असलं तरी जावई तो जावई. या बाबतीत समीरा कोहली खटल्याने उगाच गोंधळ करून ठेवलाय. 1995 साली दिल्लीत या बाईंनी फक्त तपासणीसाठी दुर्बीण घालायला संमती दिली होती. त्या भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजांडकोश काढले गेले. बाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. 2008 साली न्यायालयाने सांगितलं की सज्ञान बाईऐवजी तिच्या आईची संमती चालत नाही. आईची चालत नाही म्हणाले. जावयाबद्दल अवाक्षर नाही.

निदान कॅन्सरचं असेल तर मुलगा तुम्हाला जिन्यात गाठेल. “सिस्टर, बाबांना कळू देऊ नका, खचतील.” लगेच मान डोलवा. बाबा तलाठी म्हणून रिटायर झालेले, अख्ख्या तालुक्याचे सातबारे वाचून, पण स्वतःची फाइल त्यांना झेपणार नाही हे घरच्यांनी ठरवलेलं असतं. रात्री दोनला ते हळूच विचारतील, “सिस्टर, खरं सांगा, गाठ कसली आहे?” अशा वेळी सलाईनचे थेंब मोजायला घ्या. थेंब मोजणाऱ्या माणसाला कुणी टोकत नाही. मोजून झाले की म्हणा, “सकाळी राउंडला साहेबांना विचारा.” सकाळी साहेब पलंगाच्या पायथ्याशी उभ्या उभ्या इंग्रजीत रेसिडेंटशी बोलतील आणि पुढच्या बेडकडे सरकतील. बाबा मुलाकडे बघतील, मुलगा म्हणेल, “सगळं नॉर्मल आहे.” मग मुलगा खचू नये म्हणून बाबाही पटल्यासारखं दाखवतील. बापाला माहीत, लेकाला माहीत, आणि विहिरीच्या हिश्शाबद्दल धाकट्याशी काय बोलायचं ते मात्र राहूनच जातं. पण त्याला तुम्ही काय करणार? तुमचा शब्द तुम्ही पाळलात.

जे पेशंटला सांगायचं नाही ते वॉर्डाला सांगायला मात्र हरकत नाही. “मावशीऽऽ, बावीस नंबर पॉझिटिव्ह आहे, ग्लोव्ह्ज घाल!” हे वॉर्डाच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू गेलं पाहिजे. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने अशी माहिती संमतीवाचून फोडायला बंदी आहे खरी, पण तुम्ही कुठे नाव घेतलंत? नंबर तर घेतलात. पडदा धुवायला गेलाय, कधी येईल ते लाँड्रीलाच ठाऊक. तोवर लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, उघड्यावर टाका. शेजारच्या बेडचे नातेवाईक संस्कारी असतात, मान वळवतील. काही वळवून परत वळवतील.

न्यायाचं म्हणाल तर खाट त्याला, ज्याच्यासाठी फोन आला. बाकीच्यांना खाली गादी. खालून पडायची भीती नसते, हाही एक रुग्णहिताचाच विचार.

आता चार्ट. नर्सिंग कौन्सिलच्या निकषात शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक परिचारिका असते. तुम्ही रात्री एकट्या असाल आणि समोर चाळीस असतील. निकष आणि वॉर्ड यांची भेट फक्त इन्स्पेक्शनच्या दिवशी होते, त्यामुळे सहाचं टीपीआर, म्हणजे ताप-नाडी-श्वासाची नोंद, चारलाच भरून मोकळ्या व्हा. सगळ्यांची नाडी 80, श्वास 20, ताप नाही. एवढी निरोगी माणसं भरती कशाला झाली असं कुणी विचारत नाही. फक्त पाचला जो गेला त्याचा सहाचा कॉलम तेवढा खोडा. “रुग्णालयाने निदान रुग्णाला अपाय तरी करू नये,” असं आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई लिहून गेल्या. त्यांना चाळीस चार्ट भरून वर इंडेंटची, म्हणजे सामानाच्या मागणीची, वही लिहायची नव्हती.

एखादी जुनी सिस्टर मुंबईच्या केईएम रुग्णालयाचं नाव काढेल. अरुणा शानबाग तिथल्याच परिचारिका. 1973 मध्ये रुग्णालयातच वॉर्डबॉयने हल्ला केला, त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या, आणि मे 2015 मध्ये जाईपर्यंत केईएमच्या परिचारिकांनी पिढ्यान्पिढ्या त्यांना भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली. त्यांच्या वतीने बोलायचा हक्क 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने या कर्मचाऱ्यांनाच दिला. नवख्या मुली हे ऐकून भारावतात आणि खरंच दर दोन तासांनी पेशंट वळवायला लागतात. पाठ धरते हो! शिवाय एकीने वळवला की दुसरीच्या पाळीतही नातेवाईक तीच अपेक्षा धरतात.

राहता राहिला 12 मे, परिचारिका दिन. गुलाब, स्टेजवर पाहुणे, हातात दिवे, आणि नाइटिंगेल यांच्या नावाची पण त्यांनी न लिहिलेली शपथ. ती 1893 साली डेट्रॉइटमध्ये तयार झाली. रुग्णाची खासगी गोष्ट बाहेर जाऊ देणार नाही हे वाक्य माइकजवळ उभं राहून खणखणीत म्हणा. कार्यक्रमाला सगळ्यांची हजेरी सक्तीची, तेव्हा वॉर्डात पहिल्या वर्षाची स्टुडंट ठेवून जा. तिचा अजून शपथविधी झालेला नसतो, त्यामुळे तिच्या हातून तत्त्वभंग होण्याचा प्रश्नच येत नाही.