‘हाड सरळ करा, गुडघा जन्मभर टिकेल’ म्हणे!

‘गुडघा बदलू नका! हाड सरळ करून घ्या. कोणत्याही वयात होतं, कूर्चा (सांध्यात हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर) नवी येते, जन्मभर टिकतं. कृत्रिम सांधा १० वर्षांत निकामी होतो.’ हा मजकूर फिरत फिरत माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने गुडघा बदलायचं ठरलेलं ऑपरेशन रद्द करायचं मनावर घेतलं.

आधी ‘जन्मभर’ बघू. हाड सरळ करायचं हे ऑपरेशन रूढ करण्यात मोठा वाटा असलेले अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे सर्जन मार्क कॉव्हेन्ट्री यांनीच १९९३ साली ८७ गुडघ्यांचा हिशेब मांडला. ५ वर्षांनी ८७ टक्के गुडघे ठीक होते, १० वर्षांनी ६६ टक्के. म्हणजे तिनांतला एक गुडघा १० वर्षांच्या आत पुन्हा चांगलाच दुखू लागला किंवा बदलावा लागला. वजन बरंच जास्त आणि हाडही पुरेसं वळवलेलं नाही, अशांत तर १० वर्षांनी उरले १९ टक्के. पुढच्या काही अभ्यासांत निकाल याहून चांगले आले, मान्य. पण जन्मभराची हमी? कुणीही दिलेली नाही.

‘कोणत्याही वयात’ वाचून तर संतापच आला. यात नडगीचं हाड गुडघ्याखाली कापून कोन बदलतात आणि प्लेट-स्क्रू लावतात. झिजलेल्या आतल्या बाजूवरचा भार बाहेरच्या बाजूवर जातो. ती बाजू धड असेल तरच ना! मावशी एकाहत्तरची. तिच्या उभं राहून काढलेल्या एक्स-रेत हाडांमधली आतली फट मिटलेली, बाहेरची निम्मी, वाटीमागेही झीज. गुडघा पूर्ण सरळही होत नाही. भार सरकवायचा कुठे? शिवाय कापलेलं हाड जुळायला हवं, आणि तिची हाडं आधीच ठिसूळ.

नवी कूर्चा हे अर्धसत्य. नंतर दुर्बिणीतून पाहिलं तर काहींच्या झिजल्या जागी थर आलेला दिसतो, पण तो बहुतेक तंतुमय असतो. मूळच्या कूर्चेची सर त्याला नाही.

कृत्रिम सांध्याबद्दलचं वाक्य सपशेल खोटं. २०१९ साली ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार पूर्ण बदललेले सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षं टिकतात.

एवढं मात्र कबूल करायला हवं: पन्नाशीच्या आसपासचा, कष्टाची कामं करणारा, पाय धनुष्यासारखे वाकलेले आणि झीज फक्त आतल्या बाजूला, अशा माणसाला हे ऑपरेशन खरंच उपयोगी पडतं. सांधा बदलणं बरीच वर्षं लांबतं. त्याने सर्जनकडे जरूर विषय काढावा आणि कमरेपासून घोट्यापर्यंतच्या उभ्या एक्स-रेबद्दल विचारावं. कोन किती बदलायचा, हे त्यावरूनच ठरतं.