जॅमर लावला म्हणून क्षेपणास्त्र आंधळं होत नाही

‘क्षेपणास्त्र खालून रिमोटने चालवतात. ते जीपीएसवर उडतं आणि जीपीएस अमेरिकेच्या हातात. त्यांनी बटण दाबलं, किंवा शत्रूने जॅमर लावला, की आपलं अग्नी, ब्रह्मोस सगळं भंगार.’ हा मेसेज शिकलेली माणसंही पुढे ढकलतात, म्हणून हे लिहितोय.

रिमोटचं म्हणाल, तर तसं होतं खरं. १९४३ साली जर्मनांनी फ्रिट्झ-एक्स हा बॉम्ब विमानातून रेडिओने वळवत नेऊन इटलीची ‘रोमा’ युद्धनौका बुडवली. पुढे दोस्त राष्ट्रांनी तोच रेडिओ जॅम करायला, म्हणजे गोंगाट सोडून त्याचे आदेश बुडवायला सुरुवात केली.

आता जीपीएस. अग्नीची पहिली चाचणी २२ मे १९८९ची. जीपीएस पूर्ण क्षमतेने सुरू झालं १९९५मध्ये. मग अग्नी वाट कुणाला विचारत होतं? कुणालाच नाही. खंबाटकी घाटात एसटीत डोळे मिटून बसा. ब्रेक लागला की पुढे झुकता, वळण आलं की शेजाऱ्यावर रेलता. न बघताही गाडी कुठे वळली ते कळतं. क्षेपणास्त्रातले जायरो (वळण मोजणारं उपकरण) आणि त्वरणमापक (वेगातला बदल मोजणारं उपकरण) हेच करतात, फक्त कमालीच्या बारकाईने. प्रत्येक धक्का मोजून वेग काढायचा, वेगावरून अंतर काढायचं आणि त्यानुसार शेपटाचे पंख किंवा इंजिनाचा झोत वळवायचा. बाहेरून काही येतच नाही, तर जॅम काय करणार?

यात एक खोट आहे. बारीक चुका साचत जातात. त्या पुसायला जीपीएससारखी उपग्रहाची मदत घेतात, आणि ती तोडता येते. अमेरिकेच्या जेडॅम या जीपीएसवर चालणाऱ्या बॉम्बची अचूकता जीपीएस असताना साधारण ५ मीटर, नसताना ३० मीटर सांगितली जाते. बंकर फोडायचा असेल तर हा फरक फार मोठा आहे. युक्रेनमध्ये रशियाच्या जॅमिंगमुळे जीपीएसवर चालणाऱ्या एक्सकॅलिबर तोफगोळ्यांचा नेम बिघडला, हेही खरं. पण नेम बिघडणं वेगळं आणि भंगार होणं वेगळं.

ब्रह्मोस तर शेवटच्या टप्प्यात स्वतःच्या रडारने लक्ष्य शोधतं. रडारलाही चकवायचा प्रयत्न होतो, पण जॅमर म्हणजे अंधारात ओरडणारा माणूस, तो कुठे उभा आहे ते लगेच कळतं. काही क्षेपणास्त्रं त्या आवाजावरच झेपावतात. मार्च २००३मध्ये इराकने लावलेले सहा जीपीएस जॅमर नष्ट केल्याचं अमेरिकी सैन्याने जाहीर केलं. त्यातला एक तर जीपीएसवर चालणाऱ्या बॉम्बनेच उडवला होता.