लॉनी स्मिथवरचा आळ

ऑक्टोबर महिना आला की मिनियापोलिसमध्ये १९९१ च्या वर्ल्ड सिरीजचा विषय निघतोच. मी या शहरात २००४ साली नोकरीनिमित्त आलो, तेव्हा ती मालिका होऊन तेरा वर्षे उलटली होती. तरीही जेवणाच्या सुट्टीत सहकारी ती काल पाहिल्यासारखी रंगवून सांगत, आणि त्या ओघात अटलांटा ब्रेव्हज संघाच्या लॉनी स्मिथचे नाव हमखास येई. "तो दुसऱ्या बेसवर थांबला म्हणून आपण जिंकलो," हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले की काही वर्षांनी मीही ते नव्या माणसांना ऐकवू लागलो. पुढे मात्र त्या सातव्या सामन्याचे चित्रण मी कागद-पेन्सिल घेऊन तीन वेळा पाहिले, आणि आता माझे स्पष्ट मत झाले आहे की या खेळाडूवर आळ आला आहे. त्याच्याकडून चूक झाली, याबद्दल वाद नाही. त्या चुकीमुळे अटलांटाची मालिका गेली, हे मात्र मला मान्य नाही.

बेसबॉल फारसा न पाहणाऱ्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. वर्ल्ड सिरीज म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधील अंतिम मालिका. सातपैकी चार सामने आधी जिंकेल तो विजेता. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात आणि तीन जण बाद झाले की संघाची पाळी संपते. फलंदाज तीन बेस ओलांडून सुरुवातीच्या जागी, म्हणजे होम प्लेटवर, परतला की एक धाव. मिनेसोटा ट्विन्स, म्हणजे मिनियापोलिसचा आमचा संघ, आणि अटलांटा ब्रेव्हज हे दोन्ही संघ १९९० साली आपापल्या गटात तळाला होते आणि त्याच्या पुढच्याच वर्षी ते अंतिम मालिकेत समोरासमोर आले. सातपैकी पाच सामन्यांचा निकाल एका धावेने लागला आणि तीन सामने नेहमीच्या नऊ इनिंगमध्ये संपलेच नाहीत. प्रत्येक सामना यजमान संघाने जिंकला. अपवाद म्हणण्यासारखा सामना फक्त पाचवा, जो अटलांटाने १४-५ असा एकतर्फी घेतला. बाकी बहुतेक अखेरपर्यंत अधांतरी होते.

इतक्या अटीतटीच्या मालिकेत निकाल फिरवणारा एकच क्षण शोधायचा म्हटले तर डझनभर सापडतील. दुसऱ्या सामन्यात अटलांटाचा रॉन गँट पहिल्या बेसवर उभा असताना ट्विन्सच्या धिप्पाड केंट हर्बेकने चेंडू झेलत त्याच्या पायाला असा काही हात घातला की गँट बेसवरून उचलला गेला, आणि पंचाने त्याला बाद दिले. तो सामना आम्ही ३-२ असा जिंकलो. आता मी मिनेसोटाच्या बाजूचा असलो तरी ते दृश्य पाहताना मला दर वेळी ओशाळल्यासारखे होते. सहाव्या सामन्यात कर्बी पकेटने आधी भिंतीजवळ उंच उडी मारून गँटचाच फटका झेलला आणि मग अकराव्या इनिंगमध्ये अटलांटाच्या चार्ली लीब्रँटच्या चेंडूवर होम रन (म्हणजे थेट भिंतीपलीकडे जाणारा फटका) मारून मालिका तीन-तीन अशी बरोबरीत आणली. यांपैकी कशानेही मालिका फिरली असे म्हणता येईल. तरी लोकांच्या लक्षात राहिला तो सातव्या सामन्यातला स्मिथ.

हा सामना २७ ऑक्टोबर १९९१ रोजी मेट्रोडोममध्ये झाला. हे मैदान २०१४ साली पाडले. पण मी ते आतून पाहिले आहे, आणि त्या रात्रीचा विचार करताना ते डोळ्यांसमोर असणे महत्त्वाचे वाटते. त्याचे कापडी छत पंख्यांनी आत भरलेल्या हवेच्या दाबावर तरंगत असे. दार उघडून बाहेर पडताना मागून वाऱ्याचा असा लोट येई की पहिल्या खेपेस माझी टोपी पायऱ्यांवरून खाली घरंगळत गेली होती. छताचा रंग मळकट पांढरा. त्यामुळे उंच उडालेला पांढरा चेंडू पाहुण्या खेळाडूंना क्षणभर दिसेनासा होई, अशी त्याची ख्यातीच होती. वर बंदिस्त जागेत पंचावन्न हजार माणसांचा आरडाओरडा आणि प्रत्येकाच्या हातात फडफडणारा पांढरा रुमाल. शेजारच्याचे बोलणेही जिथे ऐकू येणार नाही, तिथे मैदानावरच्या धावपटूला प्रशिक्षकाची हाक काय ऐकू येणार?

आठवी इनिंग सुरू झाली तेव्हा गुणफलक ०-० होता. ट्विन्सकडून जॅक मॉरिस पिचिंग करत, म्हणजे फलंदाजांना चेंडू टाकत होता, वय ३६, जन्म शेजारच्याच सेंट पॉल शहरातला. अटलांटाकडून २४ वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ, जो मिशिगनमध्ये लहानाचा मोठा होताना डेट्रॉइटकडून खेळणाऱ्या याच मॉरिसला आदर्श मानत असे. स्मिथने इनिंगच्या सुरुवातीलाच फटका मारून पहिला बेस गाठला. पुढचा फलंदाज टेरी पेंडलटन. मॉरिसचा हात फिरताच स्मिथ दुसऱ्या बेसकडे धावत सुटला आणि पेंडलटनने चेंडू डाव्या-मधल्या क्षेत्रातल्या मोकळ्या जागेत खोलवर मारला. इथे स्मिथची चूक झाली. धावता धावता फलंदाजाकडे एकदा नजर टाकायची असते, ती त्याने टाकली नाही. चेंडू कुठे गेला हे त्याला कळलेच नाही.

दुसऱ्या बेसजवळ ट्विन्सचे चक नॉब्लॉक आणि ग्रेग गॅन्ये यांनी नेमका याचा फायदा घेतला. नॉब्लॉक जमिनीवरचा चेंडू उचलल्यासारखा वाकला, त्याने रिकाम्या हाताने गॅन्येकडे फेकल्याचा आव आणला आणि गॅन्ये झेल घ्यायला आल्यासारखा बेसकडे धावला. कबड्डी आणि खो-खो खेळलेल्या आपल्या लोकांना याला काय म्हणायचे ते सांगायला नको. ही अस्सल हूल होती. स्मिथ बेस ओलांडून दोन पावले पुढे गेला, थबकला आणि मान वर करून आकाशात चेंडू शोधू लागला. चेंडू भिंतीपाशी पडल्याचे दिसल्यावर तो तिसऱ्या बेसपर्यंत पोचला, पण तिथेच थांबला. तो सलग धावला असता तर धाव निश्चित होती, हे मीही मान्य करतो.

तो या हुलीला फसला, असे सर्रास म्हटले जाते. स्मिथने ते नेहमीच नाकारले आहे. आपण चेंडू पाहिला नाही, ही आपली चूक, एवढेच तो सांगत आला. मला त्याचे म्हणणे पटते, आणि त्याचे कारण चित्रणातच आहे. चेंडू खरोखर गॅन्येकडे येतो आहे असे त्याला वाटले असते तर बाद होणे टाळण्यासाठी तो दुसऱ्या बेसवर घसरत गेला असता, कारण तशा वेळी कोणताही धावपटू तेच करतो. तो घसरला नाही. तो उभ्यानेच बेस ओलांडून गेला आणि मग थांबला.

क्रिकेटच्या चाहत्यांना इथे २०२१ सालचा जोहान्सबर्गचा सामना आठवेल. फखर जमान १९३ धावांवर असताना यष्टिरक्षक क्विंटन डी कॉकने दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवले, फखरने मागे वळून पाहिले, त्याचा वेग मंदावला आणि मार्करमची फेक थेट यष्टीवर आदळली. चार-आठ दिवस जगभर डी कॉकच्या खिलाडूवृत्तीचा काथ्याकूट चालला होता, पण फखरने स्वतः मात्र चूक आपली असल्याचे सांगून टाकले. क्रिकेटमध्ये फलंदाजाला मुद्दाम फसवण्याबद्दल २०१७ पासून पाच धावांच्या दंडाची तरतूद आहे. बेसबॉलमध्ये त्याला कौशल्य समजतात. मला वैयक्तिकरीत्या बेसबॉलची रीत अधिक प्रामाणिक वाटते, पण तो वेगळा विषय आहे.

खरा मुद्दा त्यानंतर काय घडले हा आहे, आणि कथा सांगणारे बहुतेक सगळे नेमके तेच गाळतात. स्मिथ तिसऱ्या बेसवर, पेंडलटन दुसऱ्यावर, एकही बाद नाही, आणि फलंदाजीला संघातले सर्वांत भरवशाचे फलंदाज. याहून चांगली संधी बेसबॉलमध्ये क्वचितच मिळते. एक साधा उंच फटका झेलला गेला असता तरी स्मिथ धाव घेऊ शकला असता. रॉन गँटने चेंडू जेमतेम पहिल्या बेसकडे ढकलला. हर्बेकने तो उचलून त्याला बाद केले आणि दोन्ही धावपटू जागच्या जागी राहिले. डेव्हिड जस्टिसला चार चेंडू मुद्दाम बाहेर टाकून पहिल्या बेसवर पाठवले गेले, म्हणजे तिन्ही बेस भरले. मग सिड ब्रीमने चेंडू पुन्हा हर्बेककडेच मारला. हर्बेकने तो होम प्लेटवर कॅचर ब्रायन हार्परकडे फेकला, स्मिथ बाद. हार्परने तो परत हर्बेककडे फेकला, ब्रीम बाद. इनिंग संपली. माझ्या कागदावर त्या रकान्यात फक्त ३-२-३ एवढे आकडे आहेत (३ म्हणजे पहिल्या बेसवरचा खेळाडू, २ म्हणजे कॅचर), आणि अटलांटाचा पराभव कुठे लिहिला गेला असे कुणी विचारले तर मी त्या आकड्यांवर बोट ठेवीन.

यासाठी मी ब्रीमला दोषी ठरवतो आहे असे नाही. त्याच्या गुडघ्यांची अवस्था सगळ्यांना माहीत होती. आणि गंमत अशी की पुढच्याच वर्षी, पिट्सबर्गविरुद्धच्या निर्णायक सामन्यात, हाच ब्रीम दुसऱ्या बेसवरून धापा टाकत निघाला आणि बॅरी बाँड्सची फेक पोचण्याच्या किंचित आधी होम प्लेटवर घसरला, म्हणून अटलांटा पुन्हा वर्ल्ड सिरीजमध्ये गेले. त्याची ती घसरण आजही दाखवली जाते आणि त्याचे ३-२-३ कुणाला आठवत नाही. स्मिथच्या वाट्याला ही सवलत का आली नाही? मला वाटते, ब्रीमची चूक दिसायला साधी होती, तर स्मिथची नाटकासारखी. बेसवर उभा राहून इकडेतिकडे पाहणारा माणूस कॅमेऱ्यात छान येतो.

याशिवाय त्याच आठव्या इनिंगच्या उत्तरार्धात आमच्या ट्विन्सनीही तिन्ही बेस भरले होते आणि एकच खेळाडू बाद होता. हर्बेकचा फटका थेट अटलांटाच्या मार्क लेम्कीच्या हातात गेला, धावपटू परतण्याआधी लेम्कीने तसाच दुसऱ्या बेसला पाय लावला आणि आमचीही इनिंग एका झटक्यात संपली. नवव्यातही आम्ही पहिले दोन धावपटू बेसवर असताना काही करू शकलो नाही. आम्ही हरलो असतो तर मिनियापोलिसमध्ये आज हर्बेकबद्दल काय बोलले गेले असते, याची मला कल्पना करवत नाही, कारण तो इथला घरचा मुलगा.

श्रेय द्यायचेच असेल तर ते मॉरिसला द्यावे. मालिकेतला हा त्याचा तिसरा सामना होता. नऊ इनिंग झाल्यावर व्यवस्थापक टॉम केली त्याला विश्रांती देण्याच्या विचारात होता, मॉरिसने ऐकले नाही, आणि दहाव्या इनिंगमध्येही तो उतरला. एकूण १२६ चेंडू, एकही धाव नाही. त्या दहाव्या इनिंगच्या उत्तरार्धात डॅन ग्लॅडनने मोडक्या बॅटने दोन बेसचा फटका मारला, नॉब्लॉकने बंट करून, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच टेकवून, त्याला तिसऱ्यावर पोचवले, पुढच्या दोघांना मुद्दाम बेस दिले गेले, आणि दुखऱ्या गुडघ्याच्या जीन लार्किनने पुढे आलेल्या क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून चेंडू टाकला. १-०. स्मिथ धावला असता तर ०-१ च्या स्थितीत केली आणि अटलांटाचा व्यवस्थापक बॉबी कॉक्स यांनी हेच निर्णय घेतले असते का, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

राहता राहिला स्मिथ. त्याने त्याआधी फिलाडेल्फिया, सेंट लुइस आणि कॅन्सस सिटी अशा तीन वेगवेगळ्या संघांबरोबर वर्ल्ड सिरीज जिंकली होती. याच १९९१ च्या मालिकेत तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या सामन्यात त्याने एकेक होम रन मारला. अटलांटाने जिंकलेले सामने नेमके तेच तीन. आमच्या कार्यालयातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला, जो मूळचा अटलांटाचा आहे आणि स्मिथचे नाव निघाले की आजही खुर्ची मागे सरकवून उठतो, मी गेल्या आठवड्यात १९९२ च्या पाचव्या सामन्याची आठवण करून दिली. टोरोंटो, पाचवी इनिंग, तिन्ही बेस भरलेले, आणि लॉनी स्मिथने चेंडू भिंतीपलीकडे मारून एका फटक्यात चार धावा काढल्या. पिचर कोण होता, असे मी विचारले. त्याला आठवेना. टोरोंटोकडून खेळणारा जॅक मॉरिस, असे सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "एक वर्ष उशीर झाला." मग मात्र तो खुर्चीवर पुन्हा बसला.